इंजिनातले शोध: बोअरिंगच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचं बोअरिंग-होनिंगचं दुकान आहे, वडलांनी टाकलेलं, म्हणजे इंजिनाचा झिजलेला सिलेंडर आतून कोरून-घासून परत सरळ करून द्यायचा. ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला इंजिनाचा ठोकळा, एकदा मशीनवर चढला की तासभर तरी जातो आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईक स्टुलावर बसून चहा पितं आणि काहीबाही विचारतं. कोण आयटीआयचं पोरगं असतं, कोण कोरेगावचे ट्रॅक्टरवाले आबा, कोण रिटायर झालेले मास्तर. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की म्हटलं एकदाच लिहून टाकू, परत कुणी विचारलं की हे पान दाखवायचं.

इंजिनाचा शोध नक्की कुणी लावला? ओटो, बेन्झ का डिझेल?

आयटीआयची पोरं ओटो म्हणतात, मोबाईलवर बघणारे बेन्झ म्हणतात, आबा डिझेल म्हणतात, आणि तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पॅरिसमध्ये लेन्वारनं १८६० ला गॅसवर चालणारं इंजिन काढलं आणि विकलंसुद्धा, पण ते गॅस आत ओढायचं आणि तसाच पेटवायचं, आधी दाबायचं नाही, त्यामुळं खाणं दांडगं आणि काम बेताचं. १८६२ ला बो द रोशा नावाच्या फ्रेंच माणसानं चार स्ट्रोकची कल्पना कागदावर मांडली, म्हणजे ओढा, दाबा, पेटवा, बाहेर काढा, पण इंजिन काही बनवलं नाही. ते जर्मनीत निकोलाउस ओटोनं १८७६ ला चालवून दाखवलं आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडं धाव घेतली. गंमत बघा, पुढं त्याच फ्रेंच कागदामुळं १८८६ ला ओटोच्या पेटंटमधला चार स्ट्रोकवरचा हक्क रद्द झाला. आणि त्याच वर्षी कार्ल बेन्झनं आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट नोंदवलं.

त्या बेन्झच्या गाडीत ९५४ सीसीचा एकच सिलेंडर होता आणि ताकद पाऊण हॉर्सपॉवर. आपली स्प्लेंडर ९७.२ सीसी आणि आठ हॉर्सपॉवर. म्हणजे सीसी एक दशांश आणि ताकद दहापट! बेन्झचं इंजिन मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे मारायचं, स्प्लेंडर आठ हजाराला पूर्ण ताकद देते, आणि आत येणारं मिश्रण ती कितीतरी जास्त दाबते. मधल्या सव्वाशे वर्षांत जे काय शोध लागले ते सगळे या दोन आकड्यांच्या मधे आहेत असं समजा.

आधी दाबून मग पेटवण्यात एवढं काय आहे?

सुतळी बॉम्ब फोडून आतली दारू कागदावर ओतून पेटवलीय का लहानपणी? आम्ही पेटवलीय. फुस्स करून जळते आणि भुवया जातात. तीच दारू सुतळीनं करकचून आवळली की गल्ली हादरते. इंजिनात अगदी तसंच नाही पण अंदाज यायला पुरे. वायू जितका छोट्या जागेत कोंडून पेटवाल तितका तो पुढं जास्त फुगतो आणि पिस्टनला जास्त लांबपर्यंत ढकलतो, त्यामुळं तेवढ्याच तेलातून काम जास्त निघतं आणि सायलेन्सरमधून उष्णता कमी वाया जाते. याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. पेट्रोलला साधारण दहाच्या आसपास, डिझेलला सोळा ते वीस.

मग अजून दाबा की, पन्नास पट दाबा, कोण अडवतंय?

पेट्रोलच अडवतं. जास्त दाबलं की मिश्रण गरम होतं आणि प्लगची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं, त्याला नॉकिंग म्हणायचं. पासरणी घाटात गाडी उगाच वरच्या गिअरला रेटली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ना, तोच. तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांचे पिस्टन आमच्याकडं येतात, वरचा भाग उंदरानं कुरतडल्यासारखा. एका पिस्टनला तर आरपार भोक होतं, करंगळी जाईल एवढं, तो मी शोकेसमध्ये ठेवलाय.

इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोनं पहिल्या महायुद्धाच्या आसपास यावर खूप काम केलं, आणि हेडमधली, म्हणजे सिलेंडरच्या झाकणातली पोकळी अशी कोरली की मिश्रण आत घुसळलं जाईल आणि आग लवकर पसरेल. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजलीनं दुसरा रस्ता धरला. १९२१ ला त्यानं पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं आणि नॉकिंग गेलं. इंजिनासाठी शोध एक नंबर, माणसासाठी विष. ते शिसं धुरातून लहान पोरांच्या रक्तात जायचं आणि हे कळूनही जगानं कितीतरी दशकं ते जाळलं, आपल्याकडं शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. शोध म्हटलं की टाळ्या वाजवणाऱ्यांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो.

डिझेलला स्पार्क प्लग का नसतो?

सायकलचा पंप घ्या, पुढचं भोक बोटानं दाबून धरा आणि जोरात मारा. पंप तळाशी गरम लागतो. डिझेलचं इंजिन म्हणजे हाच पंप. नुसती हवा आत घ्यायची, इतकी दाबायची की ती तापून लाल व्हायला येते, आणि मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा, आपोआप पेटतं. प्लग पाहिजे कशाला.

रुडॉल्फ डिझेलला हे पेटंट १८९३ ला मिळालं पण इंजिन नीट चालायला १८९७ उजाडलं, आउग्सबुर्गला. त्याची कार्यक्षमता मोजली ती २६.२ टक्के भरली, आणि त्या काळची चांगली वाफेची इंजिनंसुद्धा याच्या निम्म्यालाच असायची. पण ते इंजिन गाडीत बसणार कसं? तेल आत फवारायला त्याला दाबलेली हवा लागायची, म्हणजे इंजिनाच्या उरावर एक कॉम्प्रेसर, सगळं मिळून खोलीएवढं धूड. प्रॉस्पर लोरांजनं १९०९ ला हेडमध्ये एक छोटी आधीची खोली काढली ज्यात थोडं जळून बाकीचं तेल जोरात बाहेर फेकलं जातं, आणि १९२७ ला बॉशनं तेलाचा पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतला, तेव्हा कुठं डिझेल ट्रकमध्ये नीट बसलं. कारमध्ये विकायला यायला तर १९३६. हे बघायला डिझेलसाहेब नव्हते, १९१३ ला बोटीतून इंग्लंडला जाताना रात्रीत ते गायब झाले आणि पुढं समुद्रात प्रेत मिळालं, आत्महत्या का अजून काय यावर लोकं अजून भांडतात.

सीआरडीआय म्हणजे काय? आणि जुना पंपच बरा होता का?

जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक नोझलला, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोटीला, वेगळी नळी देतो आणि पंपाचा दट्ट्या दाबेल तेव्हाच तेल पडतं. सीआरडीआय म्हणजे कॉमन रेल, त्यात सगळं तेल आधी एका जाड नळीत भरून प्रचंड दाबाखाली ठेवायचं आणि कुठल्या नोझलनं कधी आणि किती वेळ उघडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. एका स्फोटासाठी आधी चिमूटभर, मग मुख्य, मग परत थोडं, असं हप्त्याहप्त्यानं तेल टाकता येतं, म्हणून नवीन डिझेल जुन्यासारखं टकटक करत नाही. ट्रकमध्ये हे १९९५ ला जपानमध्ये आलं, कारमध्ये १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये. कारसाठीचं मूळ काम फियाटच्या लोकांचं, पुढं बॉशनं घेऊन पूर्ण केलं. आणि आपल्या रांजणगावातही बनलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट तर किती कंपन्यांच्या बॉनेटखाली गेलं, स्विफ्ट काय, डिझायर काय, इंडिका व्हिस्टा काय, लोकं त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

दाबाचा अंदाज द्यायचा तर ट्रकच्या टायरात हवा असते ११०-१२० पीएसआय, आणि पहिल्या पिढीच्या कॉमन रेलमध्ये १३५० बार म्हणजे साडेएकोणीस हजार पीएसआयच्या घरात. आता तर दोन हजार बारच्या वर गेलंय. म्हणून सांगतो, रेलची नळी गळतीय का ते चालू इंजिनावर बोट लावून बघू नका, तेल कातडीच्या आत घुसतं.

जुना पंप बरा का, तर रस्त्याकडंला पान्यानं एअर काढून गाडी चालू करायची असेल तर बरा. माझीच गोष्ट सांगतो. पावसाळ्यात शेतावर बॅरलमध्ये डिझेल भरून ठेवलेलं, त्यात पाणी गेलं होतं, मी आपलं तेच कॅननं जीपमध्ये ओतलं. जुन्या गाडीला असं कितीदा झालेलं, फिल्टर उघडायचा, पाणी सांडायचं, एअर काढायची, चालू. या नवीन जीपचे चारही इंजेक्टर गेले, उघडून बघितलं तर सुईवर तांबूस गंज, भिंग लावल्यावर दिसेल एवढा, पण त्या सुईला तेवढासुद्धा चालत नाही. तवापासून बॅरल विकून टाकलं. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा नट असतो तो तरी महिन्याला एकदा ढिला करत जा.

सेल्फचा शोध कुणी लावला?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण आमच्या आजोबांचं उजवं मनगट वाकडं होतं. विहिरीवरच्या ऑईल इंजिनला हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि हँडलनं हात मोडला. जुनी माणसं पोरांना पहिलं हेच शिकवायची की हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही, म्हणजे उलटा झटका बसला तर हात सुटतो.

गाडीला कामाचा इलेक्ट्रिक सेल्फ बसवला तो वर सांगितलेल्या केटरिंगनंच, १९११ ला, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. त्याआधी लोकं म्हणायची इंजिन फिरवेल एवढी मोटर बसवायची तर ती इंजिनाएवढीच मोठी होईल. पण केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला मोटर बसवायचं काम करून आला होता, तिथं ड्रॉवर उघडण्यापुरता क्षणभर झटका पुरतो. त्याला कळलं की मोटरला दिवसभर थोडंच फिरायचंय, चार-पाच सेकंद जिवापाड ओढलं की झालं, तेवढ्यात ती जळत नाही. म्हणून सांगतो, गाडी चालू होईना म्हणून अर्धा अर्धा मिनिट सेल्फ दाबून धरू नका, ती मोटर त्यासाठी नाहीच.

सातारा-सांगलीचं इंजिनात काही आहे का, का सगळं जर्मनीतच झालं?

आहे की! सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढला, आणि साताऱ्यात १९२२ ला धनजीशा कूपरांनी. हेच कूपर पुढं १९३७ ला मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला असंच म्हणायचे), थोडे महिनेच, पण झाले. दोघांनीही सुरुवातीला काय बनवलं बघा, तर लोखंडी नांगर. म्हणजे आधी बिडाचं ओतकाम शिकले, साचे करायला शिकले, मग इंजिन. इंजिन काय कागदावर बनत नाही हो, ब्लॉक ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर ओटो काय नि डिझेल काय, पाणी सिलेंडरमध्ये येणारच. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही वेगळी कंपनी १९४६ ला पुण्यात खडकीला सुरू झाली, आणि त्यांचं पाच हॉर्सपॉवरचं सिंगल सिलेंडर इंजिन आपल्या भागात किती विहिरींवर चाललं याची गणतीच नाही, इंजिनिअरिंगच्या कॉलेजातसुद्धा टेस्टिंगला तेच असतं. कूपरचे लाइनर आणि क्रँक आज साताऱ्याच्या एमआयडीसीतून बाहेर जातात, आणि त्यांच्या नव्या इंजिनांच्या डिझाईनला मदत झाली ती वर सांगितलेल्या त्याच रिकार्डोच्या नावाच्या इंग्लंडच्या कंपनीची.

पल्सरचं डीटीएस-आय खरंच शोध होता का? दोन प्लग तर आधीही होते.

दोन प्लग आधी होतेच, विमानाच्या इंजिनात होते, अल्फा रोमिओत होते. बजाजचं म्हणणं असं की आम्ही छोट्या बोअरच्या इंजिनात, कमी पेट्रोलच्या पातळ मिश्रणावर, दोन प्लग लावून ते नीट जाळलं. पातळ मिश्रण आळशी असतं, सावकाश जळतं, एका बाजूनं पेटवलं तर आग पलीकडं पोचेपर्यंत पिस्टन खाली निघून गेलेला असतो, दोन्हीकडून पेटवलं की आगीला निम्माच रस्ता. २००३ ला पल्सरमध्ये हे आलं आणि ऍव्हरेज विचारणाऱ्या पब्लिकला ताकदही मिळाली.

मग २००७ ला टीव्हीएसनं फ्लेम नावाची १२५ सीसीची गाडी आणली, तीन वाल्व आणि दोन प्लगची, आणि बजाज पेटंट घेऊन कोर्टात गेली. मद्रास हायकोर्टानं २००८ च्या फेब्रुवारीत फ्लेमला अडवलं, २००९ च्या मेमध्ये त्याच कोर्टाच्या दोन जजच्या बेंचनं ती अडवणूक उठवली, आणि सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गाडी विका, हिशोब ठेवा, आणि पेटंटचे खटले असे वर्षानुवर्षं लटकत ठेवू नका, रोज चालवून संपवा. ते संपलं कधी, तर २०१९ ला, तेही दोघांनी आपसात मिटवलं म्हणून. तोवर फ्लेम कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. माझं मत विचाराल तर शोध छोटा होता पण खरा होता, आणि इंजिनातले बहुतेक शोध असेच छोटे असतात.

मला एक भारी शोध लागलाय, पेटंट कसं घेऊ?

पहिली गोष्ट, यूट्यूबवर टाकू नकोस भावा. एकदा जगासमोर आलं की ते नवीन राहत नाही आणि नवीन नसेल तर पेटंट नाही. आमच्याकडचा एक पोरगा, हुशार होता, त्यानं चेनच्या टेन्शनरचं चांगलं काहीतरी केलेलं, आणि सगळ्यात आधी काय केलं तर व्हिडिओ. लाईक मिळाले खूप.

आपल्याकडं कायदा १९७० चा, पेटंट वीस वर्षांचं, आणि मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला. काम अर्धवट असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते आणि पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण माहिती द्यायची. एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आहे, पण तपासणीची फी वेगळी आणि ती मागणी आता ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, नाहीतर अर्ज गेला. आणि अर्ज लिहिणाऱ्या एजंटचे पैसे यात धरलेले नाहीत. आधी दोन संध्याकाळ बसून जुनी पेटंट चाळा, फुकट दिसतात. निम्म्या लोकांचा शोध तिथंच कुठल्यातरी १९२० च्या कागदात सापडतो.

पाण्यावर चालणारं इंजिन का दाबून ठेवलंय? पाणी फोडून त्यातला वायू इंजिनात सोडणारं एचएचओ किट लावू का? तेलाच्या नळीला चुंबक?

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. राख आहे ती. चुलीतली राख परत पेटत नाही तसं. ते फोडून हायड्रोजन काढायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा कमीच परत मिळतं, आणि ती वीज अल्टरनेटर देणार, अल्टरनेटरला इंजिन फिरवणार, इंजिन पेट्रोल पिणार. कुणी दाबून ठेवलेलं नाही. पेटंट कायद्यातच कलम ३ मध्ये लिहिलंय की निसर्गाच्या नियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीला पेटंट नाही.

पाणी इंजिनात जातं हे मात्र खरंय, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत नॉकिंग थांबवायला फवारायचे आणि अलीकडं बीएमडब्ल्यूनं एम४ जीटीएसमध्ये फवारलं. पण ते आतली उष्णता खायला, जाळायला नाही.

चुंबक फ्रिजला लावा.

टर्बो नवीन टेक्नॉलॉजी आहे ना?

आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरचं पेटंट १९०५ चं. सायलेन्सरमधून जो गरम धूर वाया जातो त्यानं एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं हवा आत कोंबायची, बस. कल्पना एवढी सोपी आणि तरी सगळ्यांच्या गाडीत यायला शंभर वर्षं लागली, कारण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, एका बाजूला लालबुंद धूर आणि दुसऱ्या बाजूला गार हवा, आणि मधे आधार काय तर ऑईलचा पातळ पापुद्रा. तसं लोखंड आणि तसं ऑईल यायलाच वेळ लागला. चार वाल्वचंही तेच, शाळेतल्या पोराला वाटतं १६ वाल्व म्हणजे काल-परवाचं, पण प्यूजोनं १९१२ च्या रेसच्या गाडीत एका सिलेंडरला चार वाल्व आणि वर दोन कॅम लावलेले होते. आणि आता ग्रँड विटारा, हायक्रॉसच्या हायब्रीडमध्ये ज्या ऍटकिन्सन सायकलची जाहिरात करतात तो जेम्स ऍटकिन्सन १८८० च्या दशकातला. त्याला स्फोट जास्त लांबपर्यंत फुगू द्यायचा होता, त्यानं त्यासाठी चमत्कारिक जोडदांड्या लावल्या, आता तेच काम इनलेटचा वाल्व उशिरा बंद करून होतं, आणि कमी पडणारी ताकद मोटर भरून काढते.

टर्बोवाल्यांना एकच विनंती, खंबाटकी चढून वर ढाब्यावर थांबलात की लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा. बंद केलं की ऑईल थांबतं आणि पंखा तापलेलाच असतो, आतलं ऑईल जळून कोळसा होतं. आमच्याकडं येणाऱ्या टर्बोत तो कोळसा नखानं खरवडून निघतो.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक का बंद केल्या?

(हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यात पाणी असतं.) टू-स्ट्रोकमध्ये वाल्व नाहीत, सिलेंडरच्या भिंतीलाच भोकं, दर फेऱ्याला स्फोट. आपल्या गाड्यांसारखं क्रँककेसमध्ये मिश्रण दाबणारं साधं इंजिन जोसेफ डेनं १८९१ च्या सुमारास इंग्लंडात केलं. अडचण एकच, नवीन मिश्रण आत येतं तेव्हा बाहेरचं दारही उघडं असतं, मग थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पळतं, वर ऑईलही जळतं. तो निळा धूर आणि वास म्हणजे आपलेच पैसे. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्यात ही बसेना. अजून आठवड्याला एखादा आरएक्सचा ब्लॉक बोअरला येतोच, आणि तो पोरगा मशीनपासून हलत नाही, लग्नात करवलीनं नवरीजवळ बसावं तसा.

रोटरी इंजिन इकडं का आलं नाही?

फेलिक्स वान्केलचं ते, पहिलं १९५७ ला फिरलं, आणि माझदानं चिकाटीनं चालवलं, १९९१ ला ल मान्सची रेससुद्धा जिंकली. पिस्टन वर-खाली नाही, तिकोनी तुकडा गोल फिरतो. टोकाच्या पट्ट्या झिजतात, ऑईल पितं, पेट्रोल पितं. ऍव्हरेज विचारल्याशिवाय शोरूमच्या पायऱ्या न चढणाऱ्या लोकांत ते काय चालणार.

ई२० नं इंजिन खराब होतं का? आपल्याच उसाचं आहे म्हणून विचारतो.

उसाचं आहे म्हणून बाजू घेणार नाही आणि शिव्याही देणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं वीस टक्के मिसळलं की हिशोबानं सहा-सात टक्के ऊर्जा कमी, तेवढं ऍव्हरेज घटू शकतं. दुसऱ्या बाजूला इथेनॉल सहजासहजी नॉक होत नाही, म्हणजे इंजिनच त्यासाठी बनवलं आणि जास्त दाब दिला तर काही परत मिळवता येतं. जे काम मिजलीच्या शिशानं विषारी रस्त्यानं केलं तेच हे करतं. जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं, रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधली वॉशर फुगते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला गंज. जुनी गाडी असेल तर नळ्या बदलून घ्या आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून उभी करू नका.

माझ्या केटीएमचा ब्लॉक तुम्ही बोअर करत नाही म्हणालात, का?

कारण त्यात लोखंडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळीच नाही. ऍल्युमिनियमच्या सिलेंडरवर आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा केसाएवढा थर असतो, निकासिल म्हणतात त्याला. जर्मनीच्या माहले कंपनीनं तो १९६७ च्या सुमारास काढला तोही वान्केलच्या रोटरीसाठी, त्या पट्ट्या घरावर ओरखडे पाडायच्या म्हणून. रोटरी मागं पडलं आणि थर पिस्टनवाल्यांनी उचलला. तो इतका कडक की नीट ऑईल असेल तर झिजत नाही, पण आम्ही टूल लावलं की थर गेला आणि खाली मऊ ऍल्युमिनियम. कुणी करून देतो म्हणाला तर स्लीव्ह घालणार का हे आधी विचारा.

ब्लॉक घेऊन येतो, बरोबर काय आणू?

नवीन पिस्टन. पिस्टन न आणता "तुम्ही पॉईंट टू फाईव्ह (पाव मिलिमीटर मोठं) करून ठेवा, पिस्टन नंतर बघतो" म्हणणाऱ्याला मी ब्लॉकसकट परत पाठवतो, मग तो पाव्हणा का असेना. एकाच साईजच्या दोन पिस्टनमध्येसुद्धा थोडा फरक असतो आणि आम्हाला मधे ठेवायचं अंतर दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), केसापेक्षा कमी, ते तुमचाच पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून ठरवावं लागतं. आधी बोअर गेज घालून बघतो, झीज वरच्या बाजूला जास्त असते जिथून पिस्टनची रिंग परत खाली वळते, खाली कमी, म्हणजे भोक गाजरासारखं झालेलं असतं. ते सरळ केलं की होनिंगचे दगड फिरवतो, आत तिरक्या रेघांची जाळी पडते, त्या रेघांत ऑईल धरून राहतं. बोट फिरवून ती जाळी लागली पाहिजे, आरशासारखं गुळगुळीत मागू नका. जुना पिस्टनही आणा, कशानं गेला ते त्याच्याकडं बघून कळतं. आणि ब्लॉक धुऊन आणा, चिखलासकट आणलेला आमचा पोरगा मशीनवर घेत नाही.